देवगाव फाट्यावर वाजलेलं इंग्रजी गाणं

परवा एका लग्नात ते जुनं इंग्रजी गाणं लागलं, डिस्कोचा ठेका आणि त्यावर खरखरीत गिटार, आणि माझा हात खिशावर गेला. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली पेटल्या होत्या. देवगाव फाट्यावर काठ्या घेतलेली माणसं दिसताच मामानं जीपच्या टेपमधली भीमगीतांची कॅसेट काढून माझ्या खिशात कोंबली आणि हे गाणं लावलं. जीप अडवून एकानं आत डोकं घातलं. "कोन्ची गानी ऐकायलाव?" "इंग्रजी हाय, हैदराबादहून आणली," मामा म्हणाला. काठीवाला कान देऊन ऐकत राहिला. कॅसेटचा कोपरा माझ्या बरगडीला टोचत होता. त्या गाण्यावरून त्याला आमची जात कळेना. "जावा," तो शेवटी म्हणाला. परवा लग्नात सगळे त्याच गाण्यावर नाचत होते. मी मात्र फाट्यावरची ती जीप सुरू व्हायची वाट बघत उभा होतो.