चार किलवरचं ठरलं होतं

ही गोष्ट मी कोणाले सांगितली नाही. पोरीले नाही, भावाले नाही — आणि जिच्याशी बोलायची होती तिच्याशी तर अठरा वर्षांत एकदाही नाही. आता ती गेली. म्हणून तुमाले सांगून राहिलो. वाचून शिव्या द्यायच्या तर द्या, माझी ना नाही.

मागच्या महिन्यात आमच्या अकोल्याच्या ब्रिज क्लबात माझ्या बायकोची, वत्सलेची शोकसभा झाली. क्लबाचे अध्यक्ष वकीलसाहेब बोलले. म्हणाले, वत्सलाबाई पत्ते फार छान खेळायच्या, बोलीत मात्र जरा घाई करायच्या. सगळ्यांनी माना हलवल्या. घाई? अन् तिची? — आणि मी खुर्चीत बसून चहा पीत राहिलो.

मी सातवी पास वायरमन. क्लबातले पंखे दुरुस्त करता करता ब्रिज शिकलो. चौथा भिडू कमी पडला की मले बसवत. घरी येऊन वत्सलेले शिकवलं, आणि दोन वर्षांत ती माझ्या पुढं गेली. ब्रिजमध्ये पत्ते टाकण्याच्या आधी बोली लागते — कोणता रंग, किती हात करणार. तिचं म्हणणं एकच होतं. हातात आहे तेवढंच बोला, आणि जोडीदार काय सांगून राहिला ते ऐका. हाव सुटली म्हणून चढू नका, भेव वाटलं म्हणून थांबू नका. लोक मले ‘वत्सलाबाईंचे पार्टनर’ म्हणू लागले. हसून म्हणत. मीही हसायचो — मनातून हसायचो का?

आमच्या घरी चहापत्ती संपली की ती तोंडानं सांगत नसे. रिकामा डबा आणून माझ्यापुढं ठेवायची, मी पिशवी घेऊन निघायचो. त्यावरूनच आमी एक बोली ठरवली. मी ‘एक बदाम’ म्हटलं आणि तिनं उडी मारून ‘चार किलवर’ म्हटलं, तर अर्थ उलटा — किलवरचा डबा रिकामा, बदाम मात्र भरपूर, मोठ्या खेळाचा विचार करा. या बोलीवर पास म्हणायचंच नाही, नाहीतर खेळ त्या रिकाम्या किलवरवरच अडकतो; परत बदामावर यायचं. कणीक मळता मळता तिनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं.

मग अमरावतीची स्पर्धा आली. तिथून पुण्याले जाणारा संघ निवडायचा होता. वत्सलेचं नाव जवळपास पक्कं होतं. माझं नव्हतं.

शेवटच्या फेरीत मी एक बदाम बोललो. तिनं चार किलवरचं कार्ड मांडलं. आणि मी पास टाकला. विसरलो. हो, इथपर्यंत विसरलोच — माणूस विसरतो, त्याचं मले काही नाही. पासचं हिरवं कार्ड टेबलावर पडलं, तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तो डबा आठवला.

बोलीचा अर्थ बोलणाऱ्याले विचारत नाहीत, त्याच्या जोडीदाराले विचारतात, आणि त्यानं खरं सांगायचं असतं. समोरच्या जोडीतल्या डॉक्टरांनी मले विचारलं, “भाऊ, ही चार किलवर तुमची ठरलेली बोली आहे का काही?”

काय लागत होतं? ठरलं होतं, मी विसरलो. चार शब्द.

मी म्हणालो, “नाही जी. आमचं असं काही ठरलं नाही. तिच्या मनचं असंल.”

जोडीदार चुकीचं सांगत असला तर तिनं तिथल्या तिथं दुरुस्त करावं, असा नियम आहे. नियमाची एवढी पक्की बाई — पण तिनं दुरुस्त केलं नाही. किलवर तिची, म्हणून खेळणार ती, आणि माझे पत्ते टेबलावर उघडे मांडायचे; एवढंच म्हणाली, “मांडा जी पत्ते.”

चार किलवर म्हणजे सहावर चार, दहा हात करायचे होते, सहा झाले. बदाम बोललो असतो तर बारा उभे होते. किलवरचं एकच पान घेऊन चार किलवर बोलणारी बाई पाहायले बाजूच्या टेबलावरचे लोक आले. कोणी म्हणालं, बाईले पुण्याची घाई झाली. संघात दुसरं नाव लागलं. मी मान खाली घालून उभा — लोक मलेच बिचारा समजले.

काहून केलं? भ्यालो म्हणून नाही. एक दिवस तरी ती चुकलेली आणि मी बरोबर, असं चार लोकांनी पाहावं, हे मले पाहिजे होतं. अन् ते पाहिलं तवा मले बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग विचारलं, “दुधवाल्याले सांगितलं होतं का जी?” बस.

पुढच्या आठवड्यात पत्ती संपली. ती सैपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, “अजी, पत्ती संपली.” हात रिकामे होते. त्यानंतर अठरा वर्षं ती तोंडानंच सांगत राहिली — पत्ती, साखर, तुरीची डाळ, शेवटी शेवटी तिच्या गोळ्यासुद्धा. डबा पुन्हा माझ्यापुढं आला नाही.

येत्या रविवारी हा कागद क्लबाच्या फळ्यावर लावणार आहे. वकीलसाहेबांनी काढला तर दुसरा लिहीन. दुसरा काढला तर तिसरा.

तिच्याजवळ किलवरचं एकच पान होतं. म्हणूनच ती चार किलवर बोलली. आमचं ठरलं होतं.