धारचा नारळ

दादासाहेब कुठल्याही दारात उभे राहिले की पाऊल आत टाकण्याआधी वर्दी देत, "धारहून आलो, भिया!" देवासला आमच्याकडे ते महिन्यातून दोनदा तरी येत, तरीही वर्दी चुकत नसे. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणे, "माहीत आहे हो, तुमची बुलेट चौकातूनच ऐकू येते." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "बुलेट सांगते, कोणी तरी आलं. कुठून आलं ते माणसाला स्वतः सांगावं लागतं. काय समजले?"

ते माझे चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. आमचे पूर्वज दरबारच्या चाकरीत कोकणातून माळव्यात आले. दरबार गेला, नावापुढचा 'साहेब' तेवढा राहिला. दादासाहेब धार जिल्ह्यातल्या मोहनखेड्याच्या जैन तीर्थावर एका धर्मशाळेत यात्रेकरूंना खोल्या देत. दिवसभर हिंदी, गुजराती, मारवाडी, मराठी घरापुरतं. तेही असं, की "आपण भोजन करून घ्यावे" आणि "टेन्शन नको घेऊ यार" एका दमात; भाऊ म्हणायला माळवी 'भिया'. मी पुण्याला शिकलो. वसतिगृहात पहिल्या दिवशी माझ्या बोलण्याला मुलं हसली, तेव्हापासून मी माझं मराठी घासत राहिलो. इतकं, की पुढे देवासच्या कारखान्यात लोक मला विचारत, "पुण्याचे का?" आणि मी नाही म्हणत नसे.

आमची कुलदेवी कोकणात, समुद्रावरच्या एका लहानशा गावात. माळव्यात आल्यापासून, घरातल्या माहितीप्रमाणे, तिथं कोणी गेलंच नव्हतं. नवरात्रात देव्हाऱ्यातल्या टाकापुढे तिचं नाव घ्यायचं, एवढंच. दादासाहेब निवृत्त झाले आणि पुढच्याच आठवड्यात आले. "बाळू, आई तिकडे समुद्राकाठी बसून राहिली आहे आणि आपण इथून हात जोडून राहिलो आहोत. हे काही बरं नाही. चल." मी गाडीचं आरक्षण बघतो म्हणालो. "रेल्वेने गेलो तर रेल्वेने नेलं असं होईल. आपण आपले जाऊ. बुलेटने."

निघताना त्यांनी सामानाच्या वर एक नारळ बांधला. मला हसू आवरेना. "दादासाहेब, कोकणात नारळ नेताय? तिथं अंगणात पडलेले असतात."

"ते तिथले. हा धारचा," ते गाठ आवळत म्हणाले. "तिला कळायला नको, कोण आलं ते?"

धारहून आम्ही खाली उतरलो. नर्मदेच्या पुलावर त्यांनी बुलेट कडेला घेतली आणि नदीला सांगितलं, "धारहून निघालो, माई. येऊन जातो." पुढे नाशिक सोडून घाट उतरलो, किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि एका वळणावर समुद्र दिसला. त्यांनी इंजिन बंद केलं. मग मान माझ्याकडे वळवून हलक्या आवाजात म्हणाले, "नर्मदामाईला सांगू नकोस हं. पण हिला दुसरा काठच नाही रे."

तिथून पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. एका अंगाला तांबडे जांभ्याचे कडे, दुसऱ्या अंगाला सुरूची झाडं आणि त्यांच्या फटींतून पाणी. खाडी आली की बुलेट फेरीबोटीवर चढायची. दादासाहेब तिचं हँडल घट्ट धरून उभे राहत, बोट हलली की तिला म्हणत, "घाबरू नको, मी आहे ना." शेजारच्या कोळणी पदर तोंडाला लावून हसत. वाटेत मला घाई झाली तर म्हणत, "समुद्र काय बस आहे, सुटून जायला?" आणि गाडी चालवताना ते एकच वाक्य घोकत. वारा ते मागे माझ्यापर्यंत आणायचा. "आई, माळव्यातून आलो. उशीर खूप करून दिला, पण आलो. आता पाहून घ्या." देवीपुढे हेच म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं. थोड्या वेळाने पुन्हा, नव्या सुरात. मला ते पाठ झालं.

देवळाच्या पायथ्याशी एका खानावळीत न्याहारीला थांबलो. दादासाहेब बुलेटवरचं सामान सोडत होते, तेवढ्यात पुण्याच्या एका कुटुंबाशी माझ्या गप्पा जुळल्या. सवयीने मी पुण्याचाच झालो. एक गल्लीही सांगितली, जुन्या वसतिगृहाजवळची.

मग आम्ही सगळे देवळात बरोबरच पोचलो. भटजी तरुण होते. "अभिषेकाला कोण बसणार?" त्यांनी विचारलं. घराण्यातला मोठा बसतो, ही आमची रीत. दादासाहेब नवं धोतर नेसून, नारळ छातीशी धरून पुढे झाले. उंबऱ्यावरूनच म्हणाले, "धारहून आलो, भिया! मोठा मीच आहे, तर मीच बसून राहिलो."

पुण्याच्या बाई हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. भटजीही हसले आणि त्यांनी हिंदीत विचारलं, "आप लोग एमपी से हैं?" बाईंच्या यजमानांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्याबरोबरचेच ना हे? कोण?"

एवढंच विचारलं होतं त्यांनी. भाऊ म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, "आमच्या ओळखीचे आहेत, सोबत आलेत. त्यांना मराठी नीट येत नाही. मी बसतो अभिषेकाला."

दादासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. धर्मशाळेत खोली शिल्लक नसली की यात्रेकरू जसा पाहतो, तसं. मग नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लीजिए। ये चढ़ा दीजिए।" आणि पायऱ्या उतरून बुलेटपाशी जाऊन बसले. मी गोत्र सांगितलं, नाव सांगितलं, स्वच्छ मराठीत. त्यांचं ते वाक्य मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

परतीच्या वाटेवर ते माझ्याशी हिंदीत बोलले. प्रेमानेच. चहा विचारला, थंडी वाजते का विचारलं. पण 'तू'चं 'आप' झालं होतं, ते पुन्हा कधी 'तू' झालं नाही. देवासला येणं राहिलं, पण दारातली वर्दी बंद झाली. बायकोने विचारलं, "दादासाहेबांचं काय बिनसलंय?" मी म्हटलं, वय झालं. मनाशी म्हणत असे, रागावलेत. कधी तरी निवळेल. माफी मागायला मी धारला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा क्रिकेटवर बोलून परतलो.

गेल्या वर्षी ते गेले. तेराव्याला मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी फेरीबोटीवरची बुलेट सांगितली, नारळाची गोष्ट सांगितली. लोक रडता रडता हसले. त्यातलं काही खोटं नव्हतं. फक्त देऊळ मी गाळलं.

वर्षश्राद्धानंतरच्या नवरात्रात वहिनींनी मला धारला बोलावलं. त्यांचा मुलगा दूर, शिवाय त्याचं सगळं हिंदीतच. टाकापुढे नारळ ठेवत वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, देवीला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. कोकणातून आल्यापासून ह्यांनी कधी म्हटलं नाही. नुसते हात जोडून बसायचे. मी विचारलं, तर म्हणाले, 'मीच बाळूला बसवलं तिथं. त्याचं मराठी शुद्ध. आपलं ऐकून देवी हसली असती.'"

राग नव्हता तो. इतकी वर्षं मी राग समजत होतो, कारण रागाची माफी मागता येते. त्यांनी माझं म्हणणं खरं मानलं होतं.

मी वहिनींना सगळं सांगितलं. खानावळ, भटजी, "ओळखीचे आहेत". त्या टाकाकडे बघत ऐकत राहिल्या. मग मी ते वाक्य सांगितलं, वाऱ्यातून ऐकलेलं, जसंच्या तसं, आणि नारळ उचलून त्यांच्या हातात दिला.

"मी? मी कशी म्हणू?"

"तुम्हीच म्हणा, वहिनी. त्यांचं बोलणं तुम्हाला येतं."

मी बाहेर आलो. बुलेट अंगणात ताडपत्रीखाली होती. तिच्यापाशी उभा राहिलो. आतून वहिनींचा आवाज आला, आधी अडखळत, मग मोकळा. "आई, माळव्यातून आलो. उशीर खूप करून दिला…"