टेपला दिसलं ते

उस्मानपुऱ्यातल्या शिवणवालीचं नाव मी विचारलं नाही. बायको गेल्यावर तिचा शिवायला दिलेला ब्लाउज आणायला गेलो, तेव्हा सांगावं लागलं : स्तनाचा कॅन्सर, हाताला गाठ लागली नाही, मॅमोग्राफीतही काही दिसलं नाही.

केमोनंतर उगवलेले बोटभर केस शिवणवालीनं झाकले नव्हते. गळ्यातली टेप ओढत म्हणाली, "मलाबी तसलाच हाय, भाऊ. ब्लाउज एकाच बाजूनं तंग व्हायला लागला. डॉक्टर म्हणले, फोटोत काय नाय. म्हणलं, माझ्या टेपला दिसतंय. पुढची तपासणी लिहा, नायतर उठत नाय."

आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, तेव्हा मी आणि बायको आभार मानून उठलो होतो.

तेवढ्यात दुकानात एक तरुण मुलगी आली. माप घेताना शिवणवाली तिला म्हणाली, "गाठीची वाट बघू नको, पोरी. दोन्ही बाजू सारख्या हायत का, आरशात बघत जा."

मुलगी लाजून हसली.

"हसू नको. बघ."