चौथ्या प्लगवरची खाच

गिऱ्हाइकं त्याला तोंडावर दादा म्हणत आणि पाठीमागे गोगलगाय. दुसऱ्या गॅरेजात तासाभरात उरकणारं काम त्याच्याकडे अख्खा दिवस खायचं, आणि कोणी घाई केलीच तर तो वाद न घालता गाडीची किल्ली त्याच्या हातात परत ठेवायचा. पण जुन्या इंजिनात गंजून बसलेला स्पार्क प्लग काढावा तर गोगलगायीनेच, हे त्याचा दुस्वास करणारेही कबूल करत. चाळीस वर्षांत त्याच्या हातून एकही प्लग आत तुटला नव्हता. हे तो स्वतः कधी सांगत नसे. ते काम त्याची बायको करी, तेही न विचारता.

गॅरेज वडिलांनी काढलेलं. हा थोरला आणि याच्या पाठचा धाकटा, दोघंही भाऊ तिथेच पाना धरायला शिकले. वडील फार बोलणारे नव्हते, पण त्यांचा एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. नवा प्लग इंजिनात बसवण्याआधी, पाना जिथे धरतो त्या षटकोनी कडेवर कानशीने आपली खूण करायची. वडिलांची खूण नव्हतीच, ते म्हणत माझं काम मला ओळखता येतं. थोरल्याची एक खाच, धाकट्याच्या दोन. उद्या काही बिघडलं तर कोणाचा हात चुकला ते प्लगच सांगेल, वाद नको.

आणि तरीही वाद झालाच. तोही साधासुधा नाही, घर फोडणारा.

तेवीस वर्षांपूर्वी एका मास्तरांच्या गाडीला दोघा भावांनी मिळून चार नवे प्लग बसवले. दोन एकाने, दोन दुसऱ्याने. संध्याकाळी मास्तर गाडी घेऊन निघाले आणि पुलाचा चढ चढताना तिसरा प्लग गोळीसारखा उडाला. इंजिन बंद पडलं, गाडी मागे घसरली, कठड्यावर आपटली आणि मास्तरांच्या कमरेचं हाड मोडलं. त्यानंतर ते काठीशिवाय चालले नाहीत. ज्या दुसऱ्या गॅरेजात गाडी ओढून नेली तिथल्या माणसाने निरोप पाठवला की प्लग नुसता बोटांनी फिरवून ठेवलेला होता, पाना लावलेलाच नव्हता. उडालेला प्लग पुलाखाली कुठे गेला ते कोणालाच सापडलं नाही. म्हणजे खूण बघायची सोय नाही.

वडिलांनी दोघांना समोर उभं केलं. थोरला म्हणाला, पुढचे दोन मी बसवले, मागचे दोन, तिसरा आणि चौथा, याने. धाकटा म्हणाला, उलट आहे, पुढचे दोन माझे, मागचे याचे. तिसरा उडाला असला तरी चौथा आहे ना जागेवर, तो काढून खाच बघा. तो स्वतः मास्तरांच्या घरीही गेला, पण त्या लोकांनी त्याला फाटकातूनच हाकललं. दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले, थोरला खोटं बोलत नाही. झालं. धाकट्याने हात पुसले आणि तो निघाला. जाताना भावाला एवढंच म्हणाला, की लोक तुला गोगलगाय म्हणतात, पण पोटातले पाय मी पाहिले.

आता ज्याला न्यायच करायचा आहे त्याने थोरल्याच्या पोटातलंही ऐकावं. त्या दिवशी गॅरेजातला फोन वाजला होता. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्यातून बोलावणं होतं. त्या वेळी त्याच्या हातात एक प्लग होता एवढं त्याला पक्कं आठवे. कितवा, ते मात्र आठवत नसे. आणि खरं सांगायचं तर त्याने कधी नेट लावून आठवायचा प्रयत्नही केला नाही. निघताना तो धाकट्याला म्हणाला होता, झालंय सगळं, बोनेट लाव. त्या रात्री मुलगी झाली. सकाळी मास्तरांची बातमी आली. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं तेवीस वर्षं खवखवत होतं, पण ते त्याने कधी ओठांवर येऊ दिलं नाही.

या जवळजवळ दोन तपांनंतर मास्तरांची मुलगी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. मास्तर जाऊन तीन वर्षं झाली होती. गाडी तेव्हापासून शेडमध्ये होती आणि शेडचं छप्पर नेमकं इंजिनाच्या मागच्या अंगाला गळत होतं. नीट चालली तर ठेवीन, नाहीतर भंगारात देईन, असं ती म्हणाली. जुनं भांडण तिला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे, तिने काही दाखवलं नाही. फक्त जाता जाता म्हणाली की त्या अपघातानंतर काही वर्षांनी दुसऱ्या गॅरेजवाल्याने तीन प्लग बदलले, गंजलेला चौथा त्याला निघेना, तो बसवल्यापासून कोणीही काढलेला नाही. गाडी तशीच चालत होती.

थोरला बोळ्याने हात पुसत बसला. हात केव्हाच स्वच्छ झाला होता.

सोपा मार्ग समोर होता. जोर लावायचा, प्लग मोडायचा, उरलेला तुकडा ड्रिलने भुगा करून काढायचा आणि मास्तरांच्या मुलीला सांगायचं, जुनी गाडी, इलाज नव्हता. कोणी विचारलंही नसतं. किंवा इंजिनाचं हेड गेलंय म्हणून भंगाराची वाट दाखवायची. रात्रभर त्याने हे दोन्ही मनात करून पाहिलं. सकाळी मात्र त्याने आधी हवेच्या नळीने प्लगभोवतीचा खड्डा साफ केला, कचरा आत पडू नये म्हणून. चाळीस वर्षांचे हात होते. ते मनाचं ऐकेनात.

इंजिन तीन सिलिंडरवर धडधडत चालू केलं, हाताला सोसेल इतकं गरम होऊ दिलं, बंद केलं. प्लगच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल सोडलं आणि दिवसभर त्या गाडीकडे फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम, पुन्हा तेल. तिसऱ्या दिवशी पाना लावला. नखभर सैल, की लगेच तितकाच परत घट्ट. पुन्हा तेल, पुन्हा नखभर. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, घाई केली तर प्लगबरोबर आटे सोलून बाहेर येतात. बायको डबा घेऊन आली तेव्हा पान्याखालून कुरकुर आवाज येत होता. कोणाची गाडी ते तिने पाहताक्षणी ओळखलं. डबा ठेवला आणि स्टुलावर बसली.

"कोणता आहे?" तिने विचारलं.

"चौथा."

तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. तेवीस वर्षं ती याच माणसाशेजारी झोपली होती, आणि दर वर्षी मुलीच्या वाढदिवसाला हा माणूस गप्प का होतो हे तिने एकदाच विचारून सोडून दिलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मोडू नका."

वडील अकरा वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या दिवसांत धाकटा त्यांना भेटायला आला होता. पलंगाचा एक बोल्ट सैल होऊन कुरकुरत होता, तर त्याने खिशातून पाना काढला आणि वाकला. वडिलांनी डोळे न उघडता हात हलवला. "तू राहू दे. दादाला करू दे." थोरला दाराशीच उभा होता. तोंड उघडायला तीच वेळ होती. त्याने पुढे होऊन भावाच्या हातातून पाना घेतला आणि बोल्ट आवळला. या गोष्टीची त्याला जितकी लाज वाटे तितकी त्या प्लगचीही वाटत नसे. प्लग विसरला गेला होता, हे त्याने शुद्धीत केलं होतं.

दुपारी प्लग सुटला. शेवटचे फेरे त्याने बोटांनी काढले. आटे शाबूत, प्लगचेही आणि हेडचेही. प्लग गंजाने असा माखला होता की कड दिसेना. त्याने तो लगेच घासला नाही. आधी डबा खाल्ला, सगळा, चव न लागता. मग तारेचा ब्रश घेतला.

एक खाच होती.

उलटसुलट करून सहाही कडा पाहिल्या, उजेडात नेऊन पाहिल्या, अंगठ्याने चाचपल्या. एकच. म्हणजे मागून सुरुवात त्याने केली होती, चौथा नीट आवळला होता, तिसरा बोटांनी फिरवला आणि फोन वाजला. बायकोने प्लग मागून घेतला, पाहिला आणि परत दिला. ती रडली नाही, रागावलीही नाही. भाऊजी सहा वाजेपर्यंत बसतात, एवढं म्हणाली.

धाकटा बस स्टँडच्या जिन्याखाली किल्ल्या करायला बसे. समोर लोखंडी पेटी, पेटीवर बारका शिकंजा, मागे खिळ्यांना टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. गाड्यांचं काम सोडल्यावर त्याला दुसऱ्या कोणी गॅरेजात उभं केलं नव्हतं. मास्तरांचं हाड मोडणारा म्हणून त्याचं नाव झालेलं होतं. कानस तेवढी हातात राहिली होती. डोक्यावरचे केस पूर्ण पांढरे झालेले, थोरल्यापेक्षाही जास्त.

थोरल्याने वाटेत बरंच काही जुळवलं होतं. पण तिथे पोचल्यावर आधी त्याने प्लग पुढे केला.

धाकट्याने तो घेतला. सवयीने आधी आटे पाहिले, नखाने एकेक तपासले.

"चौथा?"

"हो."

"आटे सोलले नाहीत."

"नाही."

मग त्याने कड फिरवली आणि अंगठा खाचेवर थांबवला. थोरला म्हणाला की चूक माझी होती, त्या दिवशी फोन आला आणि मी गेलो. वडिलांच्या पलंगापाशी तरी बोलायला हवं होतं, तेही जमलं नाही. हे सगळं तो एका दमात बोलला. धाकट्याने मान वर केली नाही.

"मला कशाला दाखवतोस? मला माहीतच होतं," तो म्हणाला. "बाबांना दाखवायचं होतं."

त्याने प्लग थोरल्याच्या तळहातावर ठेवला आणि वरून त्याची बोटं मिटली, लहान मुलाच्या हातात काही देतात तशी. तेवढ्यात एक बाई कपाटाची किल्ली घेऊन आली. धाकट्याने ती निरखली, मागच्या खिळ्यावरून तशीच एक कोरी काढली, दोन्ही शिकंज्यात आवळल्या आणि कानस उचलली. घासायला वाकला आणि थांबला.

"जरा बाजूला सरक, दादा," तो म्हणाला. "उजेड अडतोय."

थोरला बाजूला सरकला.