ई-मेलने आलेलं सुतक

त्या एका वर्षात आमच्या घराला दोन सुतकं आणि एक सोयर लागलं, आणि त्यातल्या एकाही माणसाचं तोंड आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. सगळी बाबांनी इंटरनेटवरून आणली.

बाबा सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. ते एकुलते एक, त्यांचे वडीलही एकुलते एक. आजोबा गेले तेव्हा खांदा द्यायला शेजारी धावले, पण सुतक धरायला बाबांच्या जोडीला एकही भाऊबंद नव्हता. "दहा दिवस एकटा बसलो होतो," हे ते कुणालाही सांगत. आमचे पूर्वज महाराष्ट्रातल्या कुठल्या गावाहून हैदराबादेत आले, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आईचं दुःख वेगळं होतं. तीस वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर दिलसुखनगरला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट झाला होता. किल्ली हातात, पण वास्तुशांत झाल्याशिवाय तिथे राहायला जायचं नाही यावर ती ठाम. "एकदा माझ्या ओट्यावर माझं दूध उतू जाऊ दे," म्हणायची, "मग मी कशाला तुमच्या भानगडीत पडते!" मुहूर्त काढला होता. बेगम बाजारातून रवा, काजू, वेलदोडे सगळं भरून आणलं होतं.

आणि तेव्हाच मी शहाणी बाबांना नेट कॅफेत घेऊन गेले. तेव्हा अख्खं दिलसुखनगर कॉम्प्युटर शिकत होतं, मीही शिकत होते, आणि शिकलेलं कुणाला तरी दाखवायची खाज होती. आमचं आडनाव टाकलं, तर अमेरिकेतल्या एका आडनावबंधूने मांडलेला अख्खा कुलवृत्तांतच समोर आला. मराठी मजकुराचा फाँट त्या कॉम्प्युटरवर नव्हता, त्यामुळे अर्ध्या पानावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. पण वंशावळ इंग्रजी अक्षरांत होती. तिच्यात एका नावापुढे लिहिलं होतं : मोगलाईत गेला. पुढे काही नाही.

"मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख! म्हणजे आम्हीच की!" बाबा एवढ्या जोरात ओरडले की शेजारी चॅटिंग करणारा पोरगा दचकून उठला. त्यांनी मला बसवून लांबलचक ई-मेल लिहायला लावली. तिकडूनही लगेच उत्तर आलं, हरवलेली फांदी सापडली म्हणून. त्या सगळ्यांचा एक ग्रुप होता, त्यात बाबांना घेतलं. बाबा त्या दिवशी घरी येताना सगळ्या गल्लीला मिठाई वाटत आले.

मुहूर्ताला आठ दिवस असताना न्यू जर्सीतले एक आजोबा गेले. ग्रुपवर बातमी आली आणि बाबांनी दाढी करणं थांबवलं.

"अहो, आपण त्यांना ओळखतो तरी का?" आई म्हणाली.

"सुतकाला ओळख लागत नाही, रक्त लागतं," बाबा म्हणाले. मग गुरुजींना फोन. गुरुजी म्हणाले, बातमी उशिरा कळली तर तीन दिवसांत भागतं. पूर्वी पत्र पोचेपर्यंत दहा दिवस उलटून जायचे, माणसं तिनावर सुटायची. आता बातमी त्याच दिवशी! आम्हाला पूर्ण दहा. त्यातही तिकडे मंगळवार तेव्हा इकडे बुधवार, मग पहिला दिवस कुठला धरायचा यावर बाबा आणि गुरुजी अर्धा तास बोलले. मुहूर्त गेला. रव्यात पोरकिडे झाले.

दुसऱ्या मुहूर्ताच्या आधी कॅलिफोर्नियात कुणाला तरी जुळं झालं. मेलं तर सुतक, जन्मलं तर सोयर, देवघर बंदच. आई म्हणाली, "इतकी वर्षं निपुत्रिक होते की काय सगळे? नेमकं आताच सुचलं!" कॅफेवाला तर बाबा दिसले की काळजीने विचारायचा, "साब, घर में सब खैरियत?"

तिसऱ्या मुहूर्ताच्या आधी नागपूरचे कुणी काका गेले. त्या सुतकाच्या चौथ्या दिवशी मी एकटीच कॅफेत गेले. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेसाठी मालकाने मराठी फाँट टाकला होता. मी कुलवृत्तांत उघडला, तर चौकोनांची अक्षरं झालेली, आणि पहिल्याच ओळीत त्यांचं गोत्र. आमचं नव्हे. साफ वेगळं! गाव वेगळं, कुलदैवत वेगळं. आडनावापलीकडे आमचा त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

मी धावत घरी आले, आईला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, सुतक नाहीच! गुरुजींना फोन कर!"

तिने सगळं ऐकलं आणि दारातून बाहेर पाहिलं. बाबा दाढी वाढवून सतरंजीवर बसले होते आणि शेजारच्यांना सांगत होते, "आमचे काका गेले हो. मोठं खटलं आहे आमचं."

"किती दिवस राहिले?" आईने विचारलं.

"सहा. पण कशाला..."

"मग सहा दिवस तोंड बंद ठेव. आणि पुढच्या मुहूर्तापर्यंत ते मेल की काय ते तू एकटी बघायचीस. कुणी मेलं तरी मला सांगायचं नाही."

मला इतका राग आला! तिच्यासाठी धावत आले होते मी.

चौथा मुहूर्त मात्र पार पडला. दूध उतू गेलं, आई पदराने डोळे पुसत राहिली. बाबांनी ग्रुपला आमंत्रण धाडलं होतं. त्यातला एकच आला. पुण्याचा, नुकताच इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलेला, चोवीस-पंचवीसचा. बाबांनी त्याला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं आणि वंशावळीच्या हिशेबाने तो आपला चुलतभाऊ लागतो असं सगळ्यांना सांगितलं.

पोरगं हुशार होतं. संकल्प नीट ऐकला असावा. भात कालवता कालवता म्हणालं, "काका, पण गुरुजींनी मघाशी गोत्र जे म्हटलं, ते आपलं..."

आई वाढत वाढत दोन पानं पलीकडे पोचली होती. ती तशीच मागे वळली. त्या पंचवीस वर्षांच्या पोरापुढे वाकून तिने त्याच्या पानात दोन लाडू ठेवले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भावोजी, जेवताना बोलू नये. तुमचे भाऊ किती वर्षं तुमची वाट बघत होते!"