तेलुगु कागदाखाली मराठी सही

बायको जाऊन सात महिने झाले. घरात भांडायला कोणी उरलं नाही. मी तिसरी शिकलेला, ती शाळेची पायरीही न चढलेली, तरी वादात मी तिला कधी हरवलं नाही. आमचं सगळ्यात मोठं भांडण फाशीवरून झालं. तेव्हा तेलंगणा झालं नव्हतं, आंध्र प्रदेश होता.

आमचं गाव भीमपूरकडचं, महाराष्ट्राच्या सीमेवरचं. बोलणं मराठी, सरकारी कागद तेलुगु. सही येणारे गावात चार-पाच जण, म्हणून पोलिसांना पंचनाम्याला पंच लागला की मला हाक यायची. जमादार बोट ठेवी तिथे मी ठसठशीत मराठी सही करी. वर काय लिहिलंय ते मी विचारत नव्हतो, तो सांगत नव्हता. सगळे पंच असंच करायचे.

मग माझा सावडकरी मारला गेला. त्याचा एक बैल, माझा एक, मिळून आमची जोडी चाले. नाल्याच्या काठी कुणी कुऱ्हाड घातली. ती कुऱ्हाड पोलिसांनी माझ्यासमोर नाल्याच्या झुडपातून काढली आणि मी कागदावर सही केली. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्याचं ज्याच्याशी वैर होतं, त्याला पकडलं. गाव म्हणे हाच. मीही म्हणे हाच.

पुढे कोर्टाचं समन्स घेऊन जमादार आला. हिंदीत म्हणाला, कुऱ्हाड आरोपीच्या छपरातून निघाली असं कागदात आहे. “तू बस हौ बोल. फाँसी पक्की.”

दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना मी बायकोला सांगितलं, कोर्टात हौ, म्हणजे हो, म्हणणार आहे.

“अजी, पण निघाली तं नाल्यातून नं?”

“निघू दे. मारलं त्यानंच. मरू दे त्याले.”

“तुमी पाह्यलं?”

“गाव म्हणते.”

“गाव तं तुमालेबी शाणा म्हणते.”

मला हसू आलं, पण मी दाबलं. तिचे हात थांबले नव्हते. माझ्यापेक्षा दुप्पट वेचायची.

“उद्या खरा मारणारा सापडला, तं याले फासावरून उतरवून जित्ता करतीन काय?”

“सरकारची चूक होते कधी कधी.”

“माणूस चुकला का फाशी, अन् सरकार चुकलं का बदली. बरं हाय.”

“अवं, तो माझा सावडकरी होता! त्याचा बैल अजून माझ्या दावणीले हाय. तुले काय समजते?”

“नाई समजत. पण सही तुमची हाय. दुसऱ्याची असती तं मी बोललीच नसती.”

चार दिवस ती माझ्या तासात, माझ्या ओळीत, वेचायला आली नाही. दूर, पलीकडच्या तासात वेचायची. भाकर मात्र वेळेवर.

कोर्टाच्या दिवशी न विचारता बसमध्ये चढली. कोर्टाबाहेर व्हरांड्यात भाकरीचं फडकं घेऊन बसली. आत माझा कागद वाचला आणि मला हिंदीत समजावला. मी हौ म्हणायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. आरोपी आपल्या पायाच्या बोटांकडे पाहत होता. मला तो अजूनही खुनीच वाटत होता. पण छपराचं नाव आलं तसं माझ्या तोंडून निघालं, “सही माझी हाय. कुऱ्हाड नाल्यातली हाय.”

सरकारी वकील म्हणाला, साक्षीदार फितूर झाला. जजसाहेबांनी विचारलं, मग सही का केली?

“करता येते म्हणून केली, साहेब.”

लोक हसले. एवढी लाज मला कधी वाटली नाही.

बाहेर आलो तर तिनं एवढंच विचारलं, “सांगितलं?”

“सांगितलं. फितूर म्हणाले.”

“म्हणू द्या. खा आता.” आणि मिरचीचा ठेचा सगळा माझ्याच भाकरीवर घातला.

तो माणूस सुटला. त्यानंच मारलं की नाही, मला आजही माहीत नाही. सावडकऱ्याची बायको आमच्या अंगणात येऊन रडली, “भाऊजी, तुमी माह्या मालकाचा खुनी सोडला.” मी घरात जाऊन बसलो. बायको तिला म्हणाली, “बाई, खुनी शोधणं ठाण्याचं काम हाय. चाल, इचारू त्याईले.”

तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी दोघी ठाण्यात जात. “कोणं मारलं ते सापडलं का?” एवढंच विचारायच्या. जमादार मागच्या दारानं पळे. तो बदलून गेला, नवा आला, तर त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुढे पुढे वर्षातून एकदा, पण जायच्या. उत्तर मिळालं नाही. येताना भजी खाऊन, हसत यायच्या दोघी. मी एकदाही सोबत गेलो नाही. त्या बाईच्या बाजूला बसायची माझी हिंमत नव्हती.

गेल्या महिन्यात ती बाई काठी टेकत आली. माझ्या बायकोची बसायची जागा होती, तिथे बसली. मग म्हणाली, “भाऊजी, औंदा मी एकलीच हावो. ठाण्यात येता का?”

मी म्हटलं, “मले तेलुगु येत नाई.”

“तिले तरी कुठं येत होतं?”

मी टोपी घातली आणि निघालो.