वजा अठरा

सुगंधा परब मुलुंडला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात बावीस वर्षं कंटेनरचे कागद करते आहे. जहाजात तिने कधी पाय ठेवला नाही, पण कुठला डबा कुठल्या बंदराला लागला हे ती झोपेतही सांगेल. नाहूरच्या शेजारणींना वाटतं, ही दिवसभर फॉर्म भरत बसते. ते ऐकून तिला राग येतो. ज्या टीव्हीसमोर त्या संध्याकाळ काढतात तोसुद्धा असल्याच एका डब्यातून आलाय, हे त्यांना कोण सांगणार!

या धंद्यात सगळ्यांनाच घाई. गोठवलेला माल वजा अठरावर ठेवायचा, पण 'वजा' म्हणायचे कष्ट कुणी घेत नाही. 'अठरा ठेव' म्हटलं की समोरच्याला कळतं. त्या मंगळवारी सकाळी तळोज्याच्या कोल्ड स्टोरेजला फोन करून सुगंधाने हेच सांगितलं. फोन सर्वेशने घेतला, आणि सर्वेशला तिथे लागून चारच दिवस झाले होते.

डब्यात उकडीचे मोदक होते, दुबईच्या गणपतींसाठी. कुडाळजवळच्या चाळीस बायकांनी महिनाभर खपून केलेले. त्या बायकांना गोळा करणारी द्रौपदी, सुगंधाची वहिनी. पहिलाच माल. आपल्या हातचं एवढ्या लांब नीट जाईल का, या धास्तीने ती आधी नकोच म्हणत होती. सुगंधानेच तिच्या गळी उतरवलं: एकदा सील लागलं की डबा ट्रकवरून जहाजावर, जहाजावरून परत ट्रकवर, आतल्या मालाला कुणाचा हात लागत नाही. थेट दुबईतच उघडणार.

सर्वेशने गाडी निघताना डब्याचा फोटो काढला होता. पाठवला मात्र जेवणखाण उरकल्यावर, अडीच तासांनी. सुगंधाने सीलचा नंबर जुळवला आणि सहज तिची नजर तापमानाच्या आकड्याकडे गेली. अठरा. आधी वजाची रेघ नव्हती.

गाडीवर ड्रायव्हर खंडू होता. त्याचा फोन लागेना. पाच वेळा लावला, सहाव्यांदा त्याने उचलला. तो न्हावा शेवा बंदराच्या रांगेत उभा होता. तिने त्याच्याकडून आधी वजा अठरा करून घेतलं, मग आत सध्या किती दाखवतंय ते वाचायला सांगितलं.

"अकरा."

"वजा अकरा की नुसतं अकरा? नीट बघ रे."

"नुसतं अकरा, ताई."

ऑफिसातल्या चंद्रप्रकाश साहेबांच्या मते एवढ्याने काही होत नव्हतं. खोकी जाड आहेत, माल आतून दगडासारखा घट्ट असेल. आजचं जहाज चुकलं तर पुढचं आठवड्याने, तोवर गणपती गावाला गेलेले असतील. जाऊ दे, म्हणाले. त्यांचं अगदीच चूक नव्हतं, आणि हेच वाईट होतं. वरच्या थरांचा बर्फ सुटला असेल, नसेलही. सील लागलेल्या डब्यात बघणार कोण? थेट दुबईतच उघडणार, या ज्या गोष्टीचा तिला इतका भरवसा होता तिचीच आता भीती वाटायला लागली. परक्या देशात कुणी पोराबाळांच्या हातावर ते मोदक ठेवणार होतं.

तिने द्रौपदीला फोन लावला आणि 'वजा' गाळल्यापासूनचं सगळं सांगितलं. चूक माझी, हेही.

मग द्रौपदीने एवढंच विचारलं, "गो, तू खातलंस काय ते?"

'हो, खाईन' म्हणायचं सुगंधाच्या अगदी ओठांवर आलं होतं. चाळीस बायकांचा महिना त्या एका शब्दाने वाचला असता. पण तो निघेना, आणि तिला रडू फुटलं. वहिनीला काय समजायचं ते समजलं.

डोळे पुसून तिने खंडूला गाडी मागे घ्यायला सांगितली. रांग सोडली तर आज नंबर लागायचा नाही, तो म्हणाला, नक्की ना?

"फिरव," सुगंधा म्हणाली.